डोंग्याचा वाटा

१९९८ सालच्या डिसेंबरातला दुसरा रविवार. ठरलेली रक्कम तीनशे रुपये, आणि मासळीत डोंग्याचा, म्हणजे होडीचा, एक वाटा. हे ठरलं तेव्हा तलावाच्या पाळीवर आम्ही पाच जण होतो: माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, नागपूरहून आलेले त्यांचे दोन मित्र, डोंगा चालवणारा ढिवर भाऊ आणि मी. पाच जणांसमोर ठरलेली गोष्ट दुपारपर्यंत न ठरलेली झाली. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ब्रह्मपुरीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. नायलॉनचा दोरा, गळ, जाळ्याचं शिसं मी विकतो, म्हणून आसपासच्या मासेमार ढिवरांशी ओळख. जवाईंना रीळवाल्या काठीनं मासे धरायचा नवा नाद लागला होता. "दादा, मासा कुठं लागतो ते दाखवणारा माणूस पहा," असं फोनवर म्हणाले. मी पाहिला, आणि पाळीवर दोन्ही बाजूंचं बोलणंही मीच करून दिलं.

सकाळी पाण्यावर धुकं होतं. जवाईंना लगेच गळ टाकायची घाई.

"थांबा जी," ढिवर भाऊ म्हणाला. "थंडीचा मासा आता बुडाशी दडून हाय. ऊन चढू द्या."

ऊन चढल्यावर त्यानं डोंगा तलावाच्या शेपटाकडे नेला. तिथं पाणी धानाच्या बांध्यांमध्ये पसरलेलं, गुडघाभर आणि कोमट. मासा ऊब घ्यायला तिथंच येतो. मरळ लागू लागले तसे जवाई खुलले. मी काठावरून पाहत होतो, तर तिथून ओरडले, "दादा, तुमच्या दुकानचा गळ लावला असता तर बेडूकच आला असता!" मित्र हसले, मीही हसलो.

दुपारी माझ्याच काट्यावर वजन केलं. बारा किलो. चार वाटे: तिघा गळवाल्यांचे तीन आणि डोंग्याचा एक. ढिवर भाऊची मेहनत तीनशेत होती. पण डोंगा त्याचा नव्हता. तो गावातल्या एका विधवेचा होता, आणि ती टोपली घेऊन पाळीवर येऊन उभी होती.

डोंगा बेशरमच्या झुडपांमागे ओढून ठेवायला ढिवर भाऊसोबत मी गेलो. परत आलो तर जीप नव्हती. मासळीची पेटीही नव्हती. बाई मात्र तशीच उभी, टोपली रिकामी.

"काय झालं, बाई?"

"त्याईनं म्हटलं, तीनशेत सगळं आलं. आन् तीनशे म्हणे तुमी द्यान."

माझं डोकं फिरलं. मी खिशातून नोटा काढल्या, बाजारभावापेक्षा जास्तच. तिनं हात मागे घेतले.

"पैसे नोको जी."

"काऊन?"

ढिवर भाऊनं सांगितलं, तेव्हा मला समजलं. नवरा गेल्यावर तलावातला त्याचा मासेमारीचा हक्क तिच्याकडे राहिला होता, तो या डोंग्यामुळे. डोंगा पाण्यात जायचा आणि त्यातल्या मासळीचा वाटा सूर्य बुडायच्या आत तिच्या टोपलीत पडायचा, तोवर तिचा हक्क चालू. पैसे घेतले की डोंगा भाड्यानं दिला असं धरतात. मग तिचं नाव कटतं. दुसरीकडचा मासा आणून टाकलेलाही चालत नाही. ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचे दोघे जण जरा पलीकडे जाळं दुरुस्त करत बसले होते आणि सगळं पाहत होते.

"मले दुसरं काई नाई जी," बाई म्हणाली. "हा तलावच हाय."

पाळीखाली लावलेल्या माझ्या लुनाला मी किक मारली.

आमच्या घरासमोर जीप उभी होती. आत पाट मांडलेले, बहीण वाढत होती. मी हातपाय न धुताच म्हटलं, "जवाईबुवा, डोंग्याचा वाटा राहिला."

"तीन किलो मासळीसाठी एवढ्या दूर धावत आले दादा? माझ्या साहेबांना शब्द दिला आहे."

"तुमच्या साहेबांना मी बाजारातून घेऊन देतो. ही मासळी त्या बाईची आहे."

"ती काय केस करणार माझ्यावर?"

एक मित्र भाकरी मोडत म्हणाला, "वहिनी, तुमच्या भावाला ढिवरांचा अध्यक्ष करून टाका."

आईनं मला दाराआड ओढलं. "जवाई हाय. जाऊ दे ना."

हे वाक्य मी लग्नापासून ऐकत होतो. घड्याळ हलकं निघालं म्हणून रुसले, जाऊ दे. स्कूटरचा रंग बदलून हवा, जाऊ दे. पण ते सगळं आमच्या घरातलं होतं. हे दुसऱ्याच्या चुलीतलं होतं, आणि ते मी कसं जाऊ देणार? हे मी मोठ्यानं बोललो. शेजारी ऐकू गेलं असेल तर गेलं.

जवाई ताटावरून उठले नाहीत. अंगणातल्या पेटीवर दुसऱ्या मित्राचा हात होता. तेव्हा बहिणीनं वाढणं थांबवलं, ती अंगणात आली आणि म्हणाली, "भाऊजी, हात काढा." नागपूरला गेल्यावर तिला काय ऐकावं लागणार हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं. तिनं झाकण उघडलं.

"किती म्हणालास?"

"तीन."

काटा तिनंच धरला.

मी पोचलो तेव्हा ऊन पळसांच्या शेंड्यावर होतं. बाई जागची हलली नव्हती. मासळी टोपलीत पडली. संस्थेच्या एका माणसानं कल्ले उघडून पाहिले. "बरफ लागला हाय. पन हा मरळ मीनं निघताना पाह्यला. याच डोंग्यातला हाय." दुसऱ्यानं मान हलवली. बाईनं पदर टोपलीवर टाकला आणि ती गावाकडे निघाली. तिनं माझे आभार का मानावेत? तिच्या दारात हे संकट मीच जीपमध्ये बसवून आणलं होतं.

शेवटी दिलं ते असं. डोंग्याच्या मालकिणीला एक मरळ आणि दोन रोहू, तीन किलो. ढिवर भाऊला तीनशे रुपये, माझ्या खिशातून. आणि जवाईंना निघताना कापड आणि एकशे एक रुपये. ते आईनं दिले.