चोवीस अंश

आमच्या गॅरेजात त्याला सगळे ‘चोवीस’ म्हणायचे. टॅक्सीचा एसी तो बारा महिने चोवीसवर ठेवायचा आणि त्या आकड्याला कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी म्हणजे किती! काट्यांवर आणि आकड्यांवर त्याचा जेवढा विश्वास होता, तेवढा सख्ख्या भावावरही नव्हता. आम्ही त्याची यथेच्छ टर उडवायचो.

बायकोपुढे मात्र गडी पार विरघळायचा. ती आजारी पडली तेव्हा तिला हॉस्पिटलात ने-आण करायला त्याने सकाळची भाडी सोडून दिली. मागे नाही, शेजारी बसवायचा तिला. तरी ती गेलीच.

त्यानंतर काही आठवड्यांनी तो गाडी घेऊन आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तान्हं बाळ घेऊन बसलेली एक बाई म्हणे गारठून अर्ध्या वाटेत उतरून गेली होती.

“गाडीत बिघाड नाही, एवढंच सांग मला,” तो म्हणाला.

“अरे, आधी बघू तर दे!”

“नाही, तू सांगच. तीही म्हणायची, गारठते मी. मी स्क्रीनवर बोट ठेवायचो. चोवीस आहे गं, औषधांमुळे वाटतंय तुला. शेवटपर्यंत हेच म्हणत राहिलो रे.”

मी एसी चालू केला. सीटवर थर्मामीटर ठेवला, तर सोळा. स्क्रीनवर चोवीस. स्क्रीनवर दिसतं ते आपण मागितलेलं तापमान, मिळालेलं नव्हे. स्टिअरिंगजवळ एक बारीक जाळी असते. तिच्यामागचा छोटा पंखा गाडीतली हवा ओढून सेन्सरपर्यंत पोचवतो. जाळीवर टिश्यू पेपरचा तुकडा धरला की तो चिकटून राहायला हवा. माझा तुकडा सरळ खाली पडला. सेन्सर डॅशबोर्डमागच्या गरम हवेत अडकला होता आणि गाडी तापलीय असंच सांगत होता. एसी आपला गार करत सुटला होता.

“हे परवा-तेरवाच बिघडलं असणार,” मी ठोकून दिलं. खोटं बोलताना मला काडीचीही लाज वाटली नाही.

पण जाळी काढली तेव्हा तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. चिमट्याने ओढलं तर आतून केसांचा गुंता निघाला. लांब केस, टोकांना तांबूस रंगवलेले.

त्याने तो तळहातावर घेतला.

“हिचेच,” तो म्हणाला. “उपचार सुरू झाले तेव्हा सीटभर पडायचे. पहिल्याच महिन्यात सगळे गेले. त्यानंतर वर्षभर ती या सीटवर बसली.”

आता काय थाप मारणार? मला रडू फुटलं. तो रडला नाही. पुढच्या सीटवरून हात फिरवत राहिला.

“निदान काच खाली कर, म्हणायची. बाहेरचं ऊन तरी लागू दे अंगाला,” तो म्हणाला. “मी केली नाही. एसी चालू असताना काच उघडायची नसते, म्हणालो.”