कुंकू लागलेली फ्लॉपी

जरा जवळ सरक वं पोरी. आल्यापासून फोनमध्ये डोकं घालून बसलीस. आजीपेक्षा तो गोड आहे काय? ठेव तो बाजूला आणि ऐक.

नागपूरच्या बाजूलाच आमची लहानशी नगरपालिका. ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी तिथे शिपाई होते. घरी नळ घेतलेल्यांची नावं संगणकात भरायला राज्य सरकारने पैसा दिला, आणि नवल म्हणजे ती माहिती राखायला वेगळा दिला! त्यातून खोलीला लोखंडी जाळी बसली, परवलीचा शब्द ठरला. शिवाय हुकूम आला, दर शनिवारी माहितीची एक नक्कल रस्त्यापलीकडच्या कचेरीत, तिजोरीत ठेवायची.

आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, हसायचे, "आपल्या घरची भाकर शेजाऱ्याकडे काहून ठेवून राहिले गा?"

संगणकावर उमरेडच्या विणकराची लेक बसायची. हंगामी. काम नीट पुरं झालं तर कायम, नाहीतर घरी, असं मुख्याधिकारी साहेबांनी सांगून ठेवलेलं.

खांडेनवमीला तिच्या घरी मागाची पूजा, तशी कचेरीत टाइपरायटरची, शिक्क्यांची. बडे बाबूंनी मोठ्या भक्तीने फ्लॉपीलाही ओलं हळदकुंकू लावलं. फ्लॉपी म्हणजे चौकोनी पाकिटातली पातळ काळी चकती, सगळी नावं तिच्यातच. अन् बोट टेकलं नेमकं पाकिटाच्या उघड्या फटीवर!

दसरा झाल्यावर ती आत घातली, तर मशीन नुसतं घरघरलं. पोरीचा चेहरा पांढराफटक.

"मावशी, मी चालली आता उमरेडले."

"चूप वं! तिजोरीतली आण आधी."

आम्ही दोघी जाऊन नक्कल घेऊन आलो. तिने ती आत सरकवली. साहेब मागे उभे. आणि काचेवर हिरवी अक्षरं चढू लागली! आमची गल्ली, भांडकुदळ शेजारीण, सगळी. आमचा नळ सासऱ्यांच्या नावावर. त्यांना जाऊन कितीक वर्षं झालेली, आणि ते काचेमागे हिरवेगार उभे! माझा हात आपसूक पदराकडे गेला, पदर डोक्यावर घेतला मी.

साहेब म्हणाले, "बाबू, कुंकू कपाळाले लावत जा."

शनिवारनंतरचं थोडं राहिलेलं तिने संध्याकाळपर्यंत पुन्हा भरलं. दिवाळीआधी ती कायम झाली. आता निवृत्त होऊन आमच्याच गल्लीत राहते, तुझी चौकशी करते. आज ती गावाला गेली आहे. तू लवकर ये वं पुन्हा, दोघी मिळून तिच्याकडे चहाला जाऊ.