इंजेक्शननंतरचे नाना

नाना पहिल्यांदा व्यासपीठावर रडले ते यावलला. नाना म्हणजे माझे वडील. घरात मी त्यांना नाना म्हणते आणि शेतमजुरांच्या संघटनेतही सगळे नानाच म्हणतात. सभा केळीचे घड कापणाऱ्या आणि वाहणाऱ्या मजुरांची होती. नाना बोलत बोलत मजुरांच्या सोललेल्या खांद्यांच्या विषयावर आले. मी ते भाषण लहानपणापासून ऐकत आले आहे. खांद्यांवर आले की त्यांचा आवाज चढतो, बोट वर जातं आणि मागच्या रांगेतली माणसंसुद्धा उठून बसतात. त्या दिवशी बोट वर गेलं आणि तिथेच राहिलं. ओठ हलले. मग नाना माईकसमोर हुंदके देऊन रडायला लागले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, नानांना भरून आलं. मला मात्र ठाऊक होतं की नुकतंच जळगावच्या दवाखान्यात त्यांच्या बेंबीशेजारी तीन महिने पुरणारं तिसरं इंजेक्शन टोचलं होतं. त्यामुळे मला टाळ्या वाजवता येईनात आणि रडताही येईना.

त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो हाडांपर्यंत गेला आहे. तो टेस्टोस्टेरॉनवर पोसतो, असं डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं. म्हणजे ज्या रसावर मुलाचा पुरुष होतो, त्याच रसावर. इंजेक्शनने तो रस तयार होणं थांबतं. कॅन्सर उपाशी राहतो, आणि त्यासोबत शरीरातलं दुसरंही बरंच काही उपाशी राहतं. अंगातून गरम वाफा येतील, छाती दुखेल, ताकद कमी होईल, मन हळवं होईल. डॉक्टर हे अगदी सरळ सांगत होते. नानांनी एकच प्रश्न विचारला, "किती दिवस घ्यायचं?" डॉक्टर म्हणाले, "गुण येतोय तोवर."

मी पत्रकांवर वाढले. आमच्या चोपड्याच्या घरात खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे, गणितं मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर सोडवायचे आणि वाचायला त्यांच्या छापील बाजूवरून शिकले. "जाहीर निषेध" हे शब्द मला "कमळ"च्या आधी येत होते. पहिली पाळी आली तेव्हा आई माहेरी शिरपूरला गेली होती. नाना दाराशी उभे राहिले, माझ्याकडे न बघता एक पत्रक पुढे केलं आणि म्हणाले, "वाच. काही शंका असली तर विचार." त्यांनीच लिहिलेलं होतं. पाळी हा विटाळ नाही, बाईला बाजूला बसवणं हा अन्याय आहे, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं. ते वाचून मी ताठ झाले आणि देवघरात जाऊन उभी राहिले. आमच्या देवघरात देव नव्हते, वर्तमानपत्रांची रद्दी होती, पण तरी उभी राहिले.

माझ्या छातीत गाठीसारखं काय दुखतंय, शाळेचा सदरा घासला तरी डोळ्यांत पाणी का येतं, काहीच झालेलं नसताना मी का रडते, हे मात्र त्या पत्रकात नव्हतं. ते विचारायलाही मला सुचलं नाही. ज्या त्रासामागे कुणाचा हात नाही, त्यावर पत्रक निघत नाही, एवढं मला तेव्हाच कळलं असावं.

पुढे धुळ्याला कॉलेजात शिकताना मीही पत्रकं काढायला लागले. मुलींच्या मागे लागणाऱ्या, नाही म्हटलं की अंगावर येणाऱ्या मुलांबद्दल आम्ही तक्रार घेऊन गेलो, तर एक सर हसून म्हणाले, "वयच तसं आहे. रक्तात असतं ते." मी रात्रीतून पत्रक लिहिलं. राग रक्तात नसतो, मोकळीक दिल्याने येतो. माजाला हार्मोनचं नाव देऊ नका. अजूनही मला ते पत्रक पाठ आहे. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, असं मला आजही वाटतं.

फक्त आता घरात नाना आहेत आणि त्यांचा राग गेला आहे.

नाना घरात रागीट होते. भाजीत मीठ जास्त झालं, पेपर उशिरा आला, आईने निरोप नीट सांगितला नाही, कशावरूनही आवाज चढायचा. तोच आवाज, सभेतला. मी तो अभिमानाने ऐकायचे, कारण माझ्या लेखी घरातला आणि सभेतला राग एकच होता. दुसऱ्या इंजेक्शननंतर मी धुळ्याहून घरी आले, तर नाना ओट्यावर बसून मेथी निवडत होते. आईच्या हातून चहाचा कप फुटला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, पायले लागी जाई." मी आईकडे पाहिलं. तिने मला खूण करून स्वयंपाकघरात नेलं.

आई आणि नाना आपसात अहिराणीच बोलतात आणि आई माझ्याशीही. आई हळूच म्हणाली, "बाई, कोनले सांगू नको. माले हाई बरं वाटस."

"काय बरं वाटतं? त्यांचं दुखणं?"

"दुखनं नही वं. हाऊ मानूस. लगनले इतला वरीस व्हयनात, आते मन्हाशी बोलस."

एवढी वर्षं लग्नाची आणि तिच्याशी तो माणूस आता बोलायला लागला, असं ती म्हणत होती. आनंद व्हावा की राग यावा? राग कुणाचा? माझं पत्रक सांगत होतं की राग रक्तात नसतो. मग रक्तातून काहीतरी काढून घेतल्यावर हा माणूस मेथी निवडायला कसा बसला? मी पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "औषधाने असेल, आजाराच्या भीतीने असेल, वयानेही असेल. नक्की वेगळं काढून नाही सांगता येत." मला ते उत्तर अजिबात आवडलं नाही, आणि त्याहून बरं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

यावलच्या सभेनंतर दोन दिवसांनी नानांचे जुने दोस्त घरी आले. गावाकडचे शेतकरी, संघटनेच्या पहिल्या दिवसापासूनचे सोबती. कुणीतरी त्यांना इंजेक्शनचा अर्थ सांगितला होता. बाज ओढून बसले, पाणी प्यायले आणि नानांचं मन हलकं करायला त्यांच्यातला एक म्हणाला, "नाना, काय वाईट वाटी लेतस? सांड गावभर हिंडस. औत बैलच वढस!"

सगळेच खो खो हसले. आईही पदराआड हसली. शेतकऱ्याच्या तोंडी हे कौतुकच होतं. गोऱ्हा खच्ची केल्यावरच कामाला येतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण "मालकांना माणसं नकोत, खच्ची केलेले बैल हवेत" हे वाक्य नानांच्या कितीतरी पत्रकांत मोठ्या टाइपात छापलेलं आहे. त्या दोस्तांनीच ती पत्रकं गावोगाव वाटली होती. ते विसरले असतील. नाना विसरले नव्हते.

ते गेल्यावर नाना मला म्हणाले, "पुढचं इंजेक्शन मी घेणार नाही."

"मग आजार वाढेल."

"वाढू दे. जितके दिवस आहेत तितके माझ्या आवाजात बोलेन. आवाज बायकी व्हायला लागलाय माझा. ऐकू येत नाही तुला?"

मला ऐकू येत नव्हतं. खरं सांगायचं तर मी नीट ऐकलंच नव्हतं. आणि "बायकी" हा शब्द नानांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या कुणी वापरला असता तर मी त्याला तिथेच धारेवर धरलं असतं. नानांना मी काय बोलणार होते? मी त्या आठवड्यात त्यांच्यासाठी एक पत्रक लिहायला बसले. मथळा सुचेना. निषेध कुणाचा करायचा? कॅन्सरचा? इंजेक्शनचा? दोस्तांचा? की नानांच्याच जुन्या वाक्याचा? कागद कोरा राहिला.

इंजेक्शनची तारीख जवळ आली तेव्हा उन्हाळा भरात होता. दुपारी तिघंही पुढच्या खोलीत बसलो होतो. एकाएकी नाना लाल झाले, कपाळावर घाम फुटला आणि त्यांनी सदऱ्याची बटणं काढली. "पंखा वाढव." पंखा आधीच जोरात होता. आईने ओला टॉवेल आणून त्यांच्या मानेवर टाकला.

"आते कळनं का?" ती म्हणाली.

"काय?"

"पाळी जातांना मन्हं आंग असंच पेटे. तुम्ही म्हनेत, मनवर लेऊ नको."

नानांनी टॉवेल मानेवर दाबून धरला. मग त्यांनी विचारलं, "कितला वरीस चालनं तुन्हं?"

"तुमना भाषणेस्ले मी मांगे बठू, तव्हयपासून." आईने पदराने स्वतःचा चेहरा पुसला. सभेत मागे बसून पदराने वारा घेणारी आई मला आठवली. मला वाटायचं, तिला कंटाळा येतो.

नाना आमच्याकडे न बघता म्हणाले, "छातीत दुखस. सदरा घासास."

आई उठली आणि तिने पेटीतून धुऊन मऊ झालेला सुती बनियन काढून आणला. मला एके काळी तिने असाच मऊ झंपर दिला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने जळगावला गेलो. नाना कशासाठी तयार झाले, मला माहीत नाही. मी विचारलं तर म्हणाले, "डॉक्टरला आवाजाचं विचारायचंय." तेवढंच.

डॉक्टर त्यांचं बोलणं ऐकून म्हणाले, "नाना, तुमचा आवाज पंधराव्या-सोळाव्या वर्षी फुटला. तेव्हा स्वरतंतू एकदा जाड झाले ते झाले. ते आता माघारी जात नाहीत. अंगावरचे केस विरळ होतील, ताकद उतरेल, कारण त्यांना तो रस सतत लागतो. आवाजाला लागत नाही."

"आणि राग?" हे मी विचारलं.

डॉक्टरांनी हात उघडे केले. त्यांना माहीत नव्हतं.

माझा गोंधळ तिथेच अडकून पडला आहे. एखाद्या वयात एकदा घडून कायमचं राहतं असं माझ्या वडिलांत काय आहे, आणि रोज रस मिळाला तरच टिकतं असं काय? मजुरांच्या खांद्यांबद्दलची चीड आवाजासारखी आहे की अंगावरच्या केसांसारखी? आणि माझी चीड? मीही आईच्या वयाला पोचेन, तेव्हा माझ्यातलं काय उरेल? माझ्या पत्रकात लिहिलं होतं की शरीर म्हणजे नशीब नव्हे. मी ते वाक्य खोडलेलं नाही. पण ते पुरतं असंही आता वाटत नाही.

नानांनी सदरा वर केला. नर्सने टोचलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

बाहेर दवाखान्याच्या आवारात आम्ही रिक्षाची वाट बघत उभे होतो. नानांनी घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं आणि एकदम मोठ्याने घोषणा दिली, "घामाचे दाम, मिळालेच पाहिजेत!" गेटवरचा वॉचमन दचकला. रिपोर्ट घेऊन बसलेल्या दोन बाया आमच्याकडे बघायला लागल्या.

"गप बठा ना, लोक देखी ऱ्हायनात," आई म्हणाली.

नाना माझ्याकडे वळले. "आवाज तोच आहे का?"

मी "तोच आहे" म्हणाले. तो तोच होता असं मला वाटलं. फक्त शेवटी किंचित हलला होता, आणि तो आधीही हलायचा का, हे मला कितीही आठवून पाहिलं तरी आठवेना.

"मग यावलची पुढची सभा ठरव," नाना म्हणाले. "आणि त्यांना सांग, मी मध्येच रडेन. तेवढा वेळ थांबा म्हणावं."

रिक्षा आली. आईने टॉवेल पिशवीत वरच ठेवला होता.