चेअरमनच्या डब्याचा नंबर

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात उमापूरकडच्या आमच्या गावात सुंदरराव हे दूध सोसायटीचे चेअरमन होते. जनावरं चारा छावणीला गेलेली, त्यामुळे सोसायटीत दूध नव्हतं. चेअरमन मात्र होते. रिकामा माणूस नियम करतो. सुंदररावांनी टँकरचे केले.

टँकर देवळामागच्या हौदात रिकामा व्हायचा आणि बायका त्यातच भांडी बुडवून भरायच्या. भांडी सकाळपासून रांगेत उभी असत. माणसांनी उन्हात थांबण्यापेक्षा डब्यांनी थांबलेलं बरं, हे शहाणपण गावाला आधीच सुचलं होतं. सुंदररावांनी त्याला फक्त कायद्याचं रूप दिलं. भांडं हललं की नंबर गेला. आणि तेलकट भांडं रांगेच्या शेवटी.

हा दुसरा नियम मनकर्णासाठी होता. एकटी बाई, तिच्याकडे पाण्याला एकच कॅन, तोही पूर्वी डिझेलचा. राखेनं घासघासून तिनं त्याचा रंगसुद्धा घालवला होता. तरी चेअरमनसाहेबांनी चारचौघांत तो हुंगला आणि म्हणाले, “मनकर्णे, हे पाणी गावाला प्यायचं हाय. तुझ्या इंजिनाला न्हाई.”

लोक हसले. विनोद चेअरमनचा असला की हसू लवकर येतं. मनकर्णानं कॅन उचलला आणि शेवटी नेऊन ठेवला.

सुंदररावांकडे एक जुनी घेतलेली मोटार होती. त्यांचा डावा गुडघा वाकत नाही, म्हणून बिनक्लचची, आपले गिअर आपणच बदलणारी. ती हिसके द्यायला लागली, तेव्हा गेवराईचे सत्तार मिस्त्री म्हणाले, “गिअरबॉक्सचं तेल काळं पडलंय, साहेब. गाडी सोडून जावा.”

पण सहकारात मुरलेला माणूस दुसऱ्याच्या हाती काही सोडत नाही. घरीच बदलतो, म्हणाले. सत्तारभाईंनी लिटरच्या बाटल्यांत नवं तेल दिलं आणि एवढंच बजावलं, “जितकं निघंल तितकंच भरा. मोजून. कमी न्हाई, जादा न्हाई.”

टँकरच्या दिवशी सकाळीच सुंदररावांनी गाडी विटांवर चढवली. पण तेल मोजायचं कशात? लिटरचे आकडे असलेला डबा घरात एकच, आणि तो हौदावर रांगेत. ते गेले, डबा उचलला आणि त्याच्या जागी दगड ठेवला. चेअरमनचा दगड कोण हलवणार?

गाडीखाली आडवं होऊन त्यांनी बोल्ट सोडला. काळपट लाल तेल डब्यात उतरलं. माप पाहिलं, तेल पत्र्याच्या पिंपात ओतलं, आणि तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. डबा धुवायला हवा होता. पण धुवायला पाणी कुठलं? त्याच डब्यात तर यायचं होतं. त्यांनी धोतराच्या फडक्यानं तो पुसला आणि हुंगला. हातापासून नाकापर्यंत तेलच लागलेलं असल्यामुळे वास आला नाही. डबा जाग्यावर ठेवून त्यांनी दगड उचलला. थोड्या वेळानं त्यांच्या बायकोनं, केसरबाईंनी, तोच डबा हौदात बुडवला.

गर्दीत कुणाला काही दिसलं नाही. प्रत्येकीचं एकेक भांडं भरून पहिली पाळी संपली, शेवटी मनकर्णानं कॅन भरला, पाणी निवांत झालं आणि त्यावर तांबूस तवंग चमकायला लागला. दुसऱ्या पाळीचं सगळं पाणी हौदातच होतं.

“सांगितलं व्हतं ना हिला,” रांगेतला सटवा म्हणाला. “हे डिझेलचं भांडं.”

मनकर्णानं कॅन सुंदररावांपुढे धरला. “तुमीच हुंगा, साहेब. तुमाला जमतंय.”

त्यांनी हुंगला. कॅनला राखेशिवाय कशाचा वास नव्हता. शिवाय डिझेल तांबूस नसतं आणि आपल्या अंगणातल्या पिंपातलं तेल तांबूस आहे, हे तिथं फक्त त्यांनाच ठाऊक होतं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“चौकशी करू,” ते म्हणाले.

सहकारात चौकशी सुरू झाली की विषय संपतो. मनकर्णाचे डोळे भरून आले. तेव्हा केसरबाईंनी आपल्या डब्याच्या गळ्यात आतून बोट फिरवलं आणि ते नवऱ्यापुढे धरलं. बोट लाल होतं.

“चौकशी काऊन?” त्या हळू म्हणाल्या. “हे तुमच्या गाडीचं हाय.”

कुणी भांडलं असतं तर सुंदररावांना उत्तर देता आलं असतं. उत्तरं त्यांच्याकडे कायम तयार असत. ते खाली बघत राहिले. मनकर्णानं कॅन तिथंच जमिनीवर ओतला आणि रिकामा घेऊन गेली. त्यांच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

नंतर भरलेल्या नव्या तेलाचं माप मात्र बरोबर निघालं. गाडी हिसके द्यायची थांबली. वाटेत कुणाला विचारलं, बसतो का, तर लोक म्हणायचे, “चालतो की, साहेब. जवळच हाय.”

पुढच्या टँकरला बायकांनी न सांगता मनकर्णाचा कॅन पुढे आणून ठेवला. सुंदररावांचा डबा शेवटी होता. तो घासून पांढराफटक झाला होता आणि त्याच्याशेजारी, दगड न ठेवता, ते स्वतः उन्हात उभे होते. नंबर आला तेव्हा ते हौदाशी वाकले. पण डबा पाण्यात घालायला हात धजेना.

“बुडवा की,” मागून कुणीतरी म्हणालं.

भरलेला कॅन ठेवून बायकांशी बोलत बसलेली मनकर्णा आता तो घेऊन निघाली होती. ती थांबली, परत आली, आपला कॅन त्यांच्या डब्यात ओतला आणि पुन्हा भरून घ्यायला हौदात बुडवला.