तोरणाखालची झडती

लेखनाचा मला सराव नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. साठी उलटल्यावर हा पहिलाच लेख लिहिताना आपण आगाऊपणा करतो आहोत, असे सारखे वाटते. वाचकांनी क्षमा करावी. पण आषाढात घाटंजीजवळच्या आमच्या गावाहून भाच्याचा फोन आला, "शालूआत्या, बाबा गेले...", आणि तेव्हापासून मला येत्या पोळ्याची काळजी लागली आहे.

त्याचे बाबा म्हणजे नामदेवदादा, माझे मावसभाऊ. आमच्याकडे पोळ्याला बैल आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे राहिले, की कोणीतरी पुढे होऊन यमकात झडती म्हणतो. तीत देवाचे नमन असते आणि सरकारची खरडपट्टीही. गावात तो मान दादांचा. एका साली कापसाचे सरकारी खरेदी केंद्र बंद करण्याचे ठरले. त्या पोळ्याला दादांनी कानावर हात ठेवून आवाज लावला :

"कापूस येते घरी, केंद्राले टाळा;
सायेब म्हणते, मांजरीवानी पाळा!"

केंद्राला कुलूप, तर कापूस मांजरीसारखा घरातच पाळायचा! पाहुणे म्हणून आलेले तहसीलदारसुद्धा हसले. मग आठवडी बाजारात, दारव्ह्याच्या जीपमध्ये माणसे एकमेकांना विचारू लागली, "काय भाऊ, मांजर बरी हाये ना?" हंगामाच्या तोंडावर केंद्र उघडले.

मी अभिनंदन करायला गेले, तर ओसरीवर बसलेल्या दादांनी मान हलवली.

"शालू, लोकं हसले म्हणून उघडलं वं. कापूस पाहून नाही उघडलं."

"पण उघडले ना?"

"तू एवढी मास्तरीण, तुले कसं समजत नाही? उद्या लोकं हसून हसून थकले तं?"

ते भय त्यांना पुढे कधी सोडून गेले नाही. श्रावण लागला, की नव्या झडतीच्या विचारात त्यांचे जेवणावरून लक्ष उडे. वहिनी टोमणा मारीत, "यायच्या ताटात सरकार येऊन बसलं!"

हळूहळू लोकांचे लक्ष सोयाबीनकडे, निवडणुकांकडे वळले. केंद्राला पुन्हा कुलूप लागले, तेव्हा गेल्या पोळ्याला दादांनी तीच मांजर पुन्हा आणली. आवाज तसाच खणखणीत होता... कोणी हसले नाही. एकजण म्हणाला, "राहू द्या आता, बैलं घरी जाऊ द्या." त्या हंगामात केंद्राचे कुलूप निघाले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

परवा गावी जाऊन आले. तोरणाचा दोर दादांच्या ओसरीत खुंटीला टांगलेला आहे. दरवर्षी पोळ्याआधी दादाच तो ताणून पाहत. "गावातले येतीन, नेतीन," वहिनी म्हणाल्या. यंदाही शेतात कापसाची पऱ्हाटी चांगली उभी आहे. तोरण बांधले जाईल, बैल येतील... त्याखाली कोणी काही बोललेच नाही, तर केंद्र उघडेल का?