कळंबचा स्लॅब आणि माझी शुद्ध मराठी

माझं गाव इंदापूर तालुक्यातलं कळंब आणि नोकरी बारामतीत, एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत. आई गावभर सांगते, "आमची प्रतीक्षा कंप्युटर बनवती." मी कंप्युटर बनवत नाही. दुसऱ्यांनी बनवलेलं कसं वापरायचं, ते लिहिते. मराठीत एम.ए. केलेल्या मुलीला असल्या कंपनीत एरवी कुणी उभंही केलं नसतं, पण एका गिऱ्हाइकानं सगळी माहिती मराठीत हवी असा हट्ट धरला आणि माझं नशीब उघडलं.

कंपनीनं एक एपीआय, म्हणजे ॲपला मागून माहिती पुरवणारी सोय, केलं होतं. कुठल्या बांधकामाची तपासणी कधी, याचं वेळापत्रक त्यात असायचं. ठिकाण सांगितलं की तिथल्याच तपासण्या निवडून ते इंजिनिअरांच्या मोबाइलवरच्या ॲपला पाठवायचं. ॲप पुण्यातला ऋषिराज नावाचा मुलगा बनवत होता. त्यानं माझं लिखाण वाचायचं आणि त्याप्रमाणे जोडणी करायची, एवढा साधा व्यवहार.

पण साधं लिहिलं तर एम.ए. कशाला केलं? 'ठिकाण' हा शब्द मला उघडाबोडका वाटला. मी 'स्थाननिकष' केलं. एकाच नावाची दोन गावं असतील तर तालुका पण टाका, हे सांगायला मी लिहिलं, "ग्रामनामसादृश्य संभवत असल्यास तालुकानामरूपी मर्यादकाचा अवलंब इष्ट होय." हे वाक्य जमलं त्या संध्याकाळी मी स्वतःला उसाचा रस पाजला होता.

ऋषिराजनं ते वाचलं. इष्ट म्हणजे ज्याच्या त्याच्या मर्जीवर, असा अर्थ काढून त्यानं ॲपमध्ये गावाचा रकाना ठेवला आणि तालुक्याचा ठेवलाच नाही. त्यानं मला विचारायला हवं होतं. "मॅडम, तुमची भीती वाटली," असं तो नंतर म्हणाला.

त्याच सुमारास आमच्या गावच्या सभागृहाचा स्लॅब ठरला. स्लॅब टाकायच्या आधी इंजिनिअरनं येऊन सळई तपासायची असते, आणि ती तपासणी आमच्याच एपीआयमधून लागली होती. काम बघणारे माझे चुलते दत्तोबा तात्या. त्यांनी पारावर जाहीर केलं होतं, "सायेब वेळंवर येनार. आमच्या पोरीनं लिवलंय समदं."

दुपारी ऑफिसात तात्यांचा फोन आला.

"प्रतीक्षा, सायेब कुठं हाय गं? स्लॅबची गँग सकाळपासनं बसून हाय. मटान बी शिजलं."

मी इंजिनिअरला फोन लावला. मानसिंग त्याचं नाव.

"मी कळंबमध्येच आहे," तो वैतागून म्हणाला. "दोन तास सभागृह शोधतोय. लोक म्हणतात, इथं कसलंच बांधकाम चालू नाही."

"शेजारी काय दिसतंय?"

"नाशिक हायवे."

नाशिक हायवे कळंबजवळून जातो खरा, पण ते आंबेगाव तालुक्यातलं कळंब. मानसिंगची आजवरची सगळी कामं त्याच रस्त्यावर झालेली. ॲपवर त्याला नुसतं 'कळंब' दिसलं आणि तो निघाला.

"अहो, आमचं कळंब इंदापूरचं. वालचंदनगरजवळचं."

त्यानं मला अंतर विचारलं. मग म्हणाला, "आता उद्याच."

हे फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून स्कूटी काढून मी गावाला गेले. सभागृहापाशी मिक्सर गप्प उभा होता. गँग जेवून सावलीला आडवी झाली होती. स्लॅबचं जेवण स्लॅबविनाच उरकलं होतं. आई एका कडेला उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

"उद्या येतायत," मी म्हटलं. "गावाच्या नावात घोटाळा झाला."

"आन् तू लिवलं व्हतंस की!" तात्या म्हणाले. "न्हवतं लिवलं?"

"लिहिलं होतं तात्या. स्पष्ट लिहिलं होतं."

"वाच बरं."

मी मोबाइल काढला आणि चार माणसांत ते वाक्य मोठ्यानं वाचायला लागले. 'ग्रामनामसादृश्य'पाशी जीभ अडखळली. पुन्हा सुरुवात केली. 'मर्यादका'पर्यंत पोचले तोवर वाक्य कुठून निघालं होतं ते मलाच आठवेना. गँगचा मुकादम बिरू उठून बसला, त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि हात जोडले. त्याला वाटलं, पूजा सुरू झाली.

आईला आधी हसू फुटलं. मग तात्यांना. मी दोन क्षण रागात उभी राहिले आणि मग मीही मिक्सरला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हसता हसता लाजही वाटत होती, पण तोंडावर पदर घ्यायला जीन्सला पदर नसतो.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. मानसिंग सकाळीच आला. तात्यांनी आधी त्याला चहा दिला, मग वर नेलं. त्यानं सगळी सळई बघितली, एका कोपऱ्यात बांधणी सैल होती ती नीट करून घेतली आणि हो म्हणाला. मिक्सर सुरू झाला. आईनं पुन्हा जेवण रांधलं, या वेळी पिठलं-भाकरी. उतरताना मानसिंग माझ्याजवळ थांबला.

"ॲपमधली ती माहिती तुम्ही लिहिलीय होय? मला वाटलं, कायद्याचं पुस्तक आहे."

बारामतीला परत आल्यावर मी सगळं नव्यानं लिहिलं. 'गावाचं नाव टाका. तालुकाही टाकाच, नाहीतर भलत्याच गावाला पोचाल.' ऋषिराजनं त्याच दिवशी ॲपमध्ये तालुक्याचा रकाना घातला आणि पहिल्यांदाच मला दोन-तीन शंका विचारल्या. त्यानंतर कुठल्या इंजिनिअरची वाट चुकल्याचं ऐकलं नाही.

कंपनीतल्या आमच्या साहेबांनी नवं लिखाण वाचलं आणि ते म्हणाले, "समजतंय छान. पण मॅडम, भाषेची उंची जरा कमी झाली का?"

एवढं सगळं होऊनही ते मला लागलं.