आत्याबाईंचा उजवा कोपर

बी.एस्सी. झाले आणि लगेच मेढ्याजवळच्या गावात नांदायला गेले. शहात्तर-सत्त्याहत्तर साल असेल. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गोठ्यात घसरून पडल्या आणि त्यांचा उजवा कोपर मोडला. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण कोपर काही वाकेना. झालं! त्यांनी सोप्यात, म्हणजे बाहेरच्या बैठकीत, येणंच सोडलं. तिथं त्यांचे थोरले दीर, म्हणजे माझे थोरले मामंजी, बसायचे, आणि दिरासमोर डोक्यावर पदर हवा. डाव्या हातानं घेतला की घसरायचा. माझ्या नणंदेचं लग्न तोंडावर आलेलं, आणि ह्या म्हणायच्या, "उघड्या डोस्क्यानं मी न्हाई मांडवात यायची." नणंद आत रडत बसायची.

मला कोडं पडलं, हाड जुळलंय तर अडतंय काय? त्यांच्यासाठी बकऱ्याच्या पायांचा रस्सा मीच शिजवायचे. त्यातही एक गंमत होती. करडाचे पाय पटकन शिजायचे आणि रस्सा निवला की खरवसासारखा थरथरायचा. जुन्या बोकडाचे पाय मात्र सरपण संपलं तरी दाद द्यायचे नाहीत. असं का?

माहेरी कराडला गेले तेव्हा कॉलेजातल्या सरांना गाठलं. सर खुलले. हाडात आणि सांध्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात, म्हणाले, आणि ते एकमेकांना रासायनिक बंधांनी बांधलेले असतात. कोवळ्या वयात हे बंध उष्णतेनं सुटतात, वय वाढेल तसे पक्के होतात. "आणि सांधा फार दिवस हलवला नाही, तर भोवतालच्या पडद्यात नको तिथं नवे बंध पडतात, असं आता म्हणतात."

घरी येऊन हे आत्याबाईंना सांगितलं. त्या वाकळ, म्हणजे गोधडी, शिवण्यात तरबेज.

"म्हंजी वाकळंचं टाकंच की गं!"

"तेच. आणि तुम्ही हात झोळीत घेऊन बसलाय!"

हलवायला डॉक्टरांनीही सांगितलं होतं, पण हाड परत मोडेल म्हणून ह्या भ्यायच्या, वर मलाच दटावायच्या. माझं डोकं फिरलं. "मोडला तर जन्मभर तुमचा पदर मी घेईन!" म्हटलं. तेव्हा कुठं हसल्या.

मग रोज गरम पाण्याचा शेक आणि ताण बसेल इतपतच वाकवणं. कधी बोटभर पुढं जायचा, कधी हट्टानं तिथंच अडायचा. मला तर त्याचा नादच लागला.

लग्नाला थोडे दिवस उरलेले. मी चुलीपुढं घामाघूम, डोकं उघडं. थोरले मामंजी खोकत दाराशी आले.

"आगं, पदर!" म्हणत आत्याबाईंनी माझा पदर ओढून माझ्या डोक्यावर घातला. उजव्या हातानं.

आम्ही दोघी त्या हाताकडं बघतच राहिलो. मग त्यांनी सावकाश स्वतःचाही पदर घेतला, आणि आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडल्या, "आगं पोरी, मी येतीया मांडवात!"